वातावरणीय संक्षोभाचे प्रकाशीय मापन

हवेच्या अनियमित व भोवऱ्यांनी युक्त अशा गतीस वातावरणीय संक्षोभ म्हणतात. अशा हवेतून जाणाऱ्या प्रकाशाची तीव्रता, दिशा व तरंगाग्राचा आकार यांत सतत सूक्ष्म बदल होत असतात. हे बदल प्रकाशसंवेदी उपकरणांनी टिपून त्यांवरून संक्षोभाचे प्रमाण व वाटेतील त्याची वाटणी ठरविण्याच्या पद्धतींचा येथे विचार केला आहे. या पद्धतींत हवेत कोणतेही उपकरण प्रत्यक्ष ठेवावे लागत नाही, हा त्यांचा मोठा फायदा होय. प्रकाशातील बदलांवरून हवेच्या स्थितीकडे जाण्याची गणिती वाट मात्र बिकट आहे. म्हणून अलीकडच्या काळात यंत्र-अध्ययन अथवा मशीन लर्निंग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगणकीय रीतींचा आधार घेतला जाऊ लागला आहे.

या आविष्काराचा अनुभव सर्वांनाच असतो. ठाणे जिल्ह्यातील भिवंडीजवळून जाणाऱ्या मुंबई-नाशिक महामार्गावर चैत्र-वैशाखातील दुपारी दूरवरची वाहने पाण्यात पाहिल्यासारखी थरथरताना दिसतात. तेथील गुदामांच्या पत्र्याच्या छपरांवरून पलीकडे पाहिले असता डोंगराची कडही हलल्यासारखी वाटते. रात्री ताऱ्यांचे लुकलुकणे हाही त्याच कारणाचा परिणाम होय. ग्रह त्यामानाने स्थिर दिसतात. कारण त्यांचे बिंब बिंदुवत नसते आणि त्याच्या निरनिराळ्या भागांकडून येणाऱ्या प्रकाशातील चढउतार एकमेकांत मिसळून जातात.

संक्षोभाचे स्वरूप : ऑझबर्न रेनल्ड्झ यांनी १८८३ मध्ये नळीतून वाहणाऱ्या पाण्यावर प्रयोग करून प्रवाह शिस्तबद्ध केव्हा राहतो व संक्षुब्ध केव्हा होतो, हे दाखविले. वातावरणातील मोठे भोवरे लहान भोवऱ्यांना व ते त्याहून लहानांना आपली ऊर्जा देत जातात, ही कल्पना ल्यूइस फ्राय रिचर्डसन यांनी १९२२ मध्ये मांडली. अखेरीस काही मिलिमीटर आकाराच्या भोवऱ्यांत श्यानतेमुळे ही ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. या साखळीच्या मधल्या पट्ट्यासाठी रशियन गणितज्ञ ए. एन. कॉल्मॉगॉरॉव्ह यांनी १९४१ मध्ये एक साधा नियम शोधून काढला. त्यानुसार दोन बिंदूंपाशी असलेल्या वेगांतील फरकाच्या वर्गाची सरासरी त्या बिंदूंमधील अंतराच्या दोन-तृतीयांश घाताच्या प्रमाणात असते. असाच नियम तापमानालाही लागू पडतो, असे पुढे ए. एम. ओबुखॉव्ह व एस. कॉर्सिन यांनी स्वतंत्रपणे दाखविले. प्रकाशीय मापनाची सर्व इमारत या दुसऱ्या नियमावर उभी आहे.

याचे कारण असे की, प्रकाशाला वारा दिसत नाही. त्याला दिसते ती घनता. हवेचा प्रणमनांक (निर्वातातील व हवेतील प्रकाशवेगांचे गुणोत्तर) सु. १·०००३ असतो. समुद्रसपाटीस तापमान १° से. ने वाढले, तर तो सु. दहा लाखांत एक भाग एवढाच कमी होतो. बदल नगण्य वाटला, तरी प्रकाश काही किमी. मार्ग आक्रमितो आणि वाटेत असंख्य उबदार व थंड पुंजके ओलांडतो. त्यामुळे मुळात सपाट असलेले तरंगाग्र सुरकुतते. सुरकुत्यांच्या प्रमाणासाठी प्रणमनांक-संरचना गुणांक ही राशी वापरतात. स्वच्छ उन्हाच्या दुपारी जमिनीलगत तिची किंमत शांत रात्रीच्या किमतीच्या शेकडोपट असू शकते व उंचीबरोबर ती झपाट्याने उतरते.

तारकांच्या लुकलुकण्याचे कारण हवेच्या कंपनात आहे, असे आयझॅक न्यूटन यांनी १७०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑप्टिक्स या ग्रंथात स्पष्ट केले होते. मोठ्या दूरदर्शकातून पाहिले असता लुकलुकणे कमी होते, पण प्रतिमा पसरट होते, हेही त्यांनी नोंदविले. उंच पर्वतशिखरावरील निश्चल हवा हाच यावरील उपाय होय, असे त्यांचे मत होते. त्यानंतर अडीचशे वर्षे या उपायात फारशी भर पडली नाही. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी १९५२ मध्ये तारकांच्या लुकलुकण्याचे सांख्यिकीय विवेचन केले. व्ही. आय. टाटार्स्की यांच्या ग्रंथाने १९६१ पासून इंग्रजी वाचकांना तरंग-प्रसारणाचा संपूर्ण सिद्धांत उपलब्ध झाला. डेव्हिड फ्रीड यांनी १९६० नंतरच्या दशकात आज त्यांच्या नावाने ओळखली जाणारी लांबी सुचविली. ज्या व्यासाच्या वर्तुळात तरंगाग्र जवळजवळ सपाट राहते, तो व्यास म्हणजे फ्रीड लांबी होय. दृश्य प्रकाशासाठी ती सर्वसाधारणपणे ५ ते २० सेंमी. असते.

या एका आकड्याचा अर्थ महाराष्ट्रातील उदाहरणाने स्पष्ट होईल. पुण्यातील इंटर-युनिव्हर्सिटी सेंटर फॉर ॲस्ट्रॉनॉमी अँड ॲस्ट्रोफिजिक्स (आयुका, स्थापना १९८८) या संस्थेची वेधशाळा जुन्नरच्या परिसरात गिरवली येथील डोंगरावर असून तेथील २ मी. व्यासाच्या आरशाचा दूरदर्शक २००६ मध्ये कार्यान्वित झाला. विवर्तनाच्या नियमानुसार या आरशाला एका अंशाच्या ३,६०० व्या भागाच्या, म्हणजे एका विकलेच्या, सु. सोळाव्या हिश्श्याएवढे अंतर वेगळे दाखविता आले पाहिजे. परंतु फ्रीड लांबी १० सेंमी. असेल, तर सु. एका विकलेहून बारीक तपशील दिसत नाही; म्हणजे तपशिलाच्या दृष्टीने २ मी. चा दूरदर्शक १० सेंमी. च्या दूरदर्शकाच्या पंक्तीस जाऊन बसतो. अंधुक वस्तूंचा प्रकाश गोळा करण्याचे त्याचे सामर्थ्य अर्थातच शाबूत राहते. पुण्यात याहून जुनी परंपराही आहे. के. डी. नायगमवाला यांनी १८८८ मध्ये येथील सायन्स कॉलेजात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा सुरू केली. तिचा २० इंची परावर्तक दूरदर्शक त्या काळी देशात सर्वांत मोठा होता. वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाल्यावर तो कोडईकनाल येथे नेण्यात आला.

ऊर्ध्व दिशेतील मापन : वेधशाळेची जागा निवडताना विभेदी प्रतिमा-चलन मापक हे साधन सर्वाधिक वापरतात. त्याची आजची परिपूर्ण रीत मार्क साराझाँ व फ्रान्स्वा रॉदिए यांनी १९९० मध्ये दिली. लहान दूरदर्शकाच्या तोंडावर दोन भोके असलेले झाकण बसवितात. एका भोकावर पातळ लोलक असल्याने एकाच ताऱ्याच्या दोन प्रतिमा मिळतात. वाऱ्याने दूरदर्शक हलला, तर दोन्ही प्रतिमा बरोबरच सरकतात. हवेतील सुरकुत्यांमुळे मात्र त्यांच्यातील अंतर बदलते. काही सहस्रांश सेकंदांची शेकडो छायाचित्रे घेऊन या अंतराच्या चढउतारावरून फ्रीड लांबी काढतात. उपकरणाचा स्वतःचा दोष वजाबाकीतच नाहीसा होतो, ही या रीतीतील खुबी आहे.

तथापि हा मापक सर्व उंचींवरील संक्षोभाची एकत्रित बेरीज देतो. कोणत्या थरात किती संक्षोभ आहे, हे त्यावरून कळत नाही. उंच थरातील भोवऱ्यांनी पडणारी छायाप्रकाशाची नक्षी जमिनीवर येईतो मोठ्या आकाराची होते, तर जमिनीलगतच्या थराची नक्षी बारीक व फिकी राहते. या फरकाचा उपयोग करून एककेंद्री छिद्रांतून एकाच ताऱ्याची तीव्रता मोजणारी उपकरणे तयार झाली आहेत. जाँ व्हेर्नँ व रॉदिए यांनी १९७३ मध्ये जोडताऱ्यांची युक्ती योजिली. दोन ताऱ्यांच्या नक्षींतील अंतर थराच्या उंचीबरोबर वाढत जाते, यावरून थरांची उंची मिळते.

तरंगाग्राचा आकार प्रत्यक्ष मोजण्यासाठी शॅक-हार्टमान संवेदक वापरतात. योहानेस हार्टमान यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी भिंगांच्या परीक्षणासाठी भोकांची जाळी वापरली होती. रोलंड शॅक यांनी १९७० च्या सुमारास भोकांच्या जागी चिमुकल्या भिंगांची रांगोळी मांडली. प्रत्येक भिंग प्रकाशाचा एक ठिपका पाडते आणि ठिपका जितका सरकेल तितका त्या जागी तरंगाग्राचा उतार असतो. ही मोजणी वेगाने करून लगेच आरशाचा आकार उलट दिशेने बदलला, तर सुरकुत्या पुसल्या जातात. या अनुकूली प्रकाशकीची कल्पना होरेस बॅबकॉक यांनी १९५३ मध्ये मांडली होती. तिच्या विकासात पुण्याचा वाटा लक्षणीय आहे. आयुका व अमेरिकेतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी यांनी मिळून रोबो-एओ नावाची स्वयंचलित संहती तयार केली. कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेच्या १·५ मी. दूरदर्शकावर ती २०१२ ते २०१५ या काळात कार्यरत होती. पुढे ॲरिझोनातील किट पीक येथे हलविण्यात आली. जंबुपार लेसरचा झोत हवेत सोडून, सु. १० किमी. उंचीवरून परत येणाऱ्या प्रकाशाचा कृत्रिम तारा म्हणून उपयोग करावयाचा व सेकंदास हजाराहून अधिक वेळा लवचिक आरसा सुधारावयाचा, अशी तिची योजना होती. हा लेसर डोळ्यांना दिसत नसल्याने वैमानिक दिपून जाण्याची भीती राहिली नाही. केप्लर अवकाशयानाने सुचविलेल्या, ग्रह असण्याची शक्यता असलेल्या तीन हजारांहून अधिक ताऱ्यांची पाहणी या संहतीने केली. मानवी देखरेखीवाचून इतक्या ताऱ्यांची इतक्या सूक्ष्मतेने पाहणी करणे पूर्वी शक्य नव्हते. [→ दूरदर्शक, लेसर].

क्षितिजसमांतर मापन : शहरांच्या दृष्टीने जमिनीलगतची हवा अधिक महत्त्वाची असते. तिच्यासाठी सिंटिलोमीटर हे उपकरण वापरतात. एका टोकास अवरक्त प्रकाशाचा प्रेषक व काही शे मी. ते काही किमी. अंतरावर दुसऱ्या टोकास ग्राही असतो. ग्राहीवर पडणाऱ्या तीव्रतेतील चढउतारांवरून वाटेतील संरचना गुणांकाची सरासरी मिळते. बारीक झोत फार लांब पाठविला, तर एका मर्यादेनंतर संक्षोभ वाढूनही चढउतार वाढत नाहीत. हा संपृक्ततेचा परिणाम रशियन संशोधकांच्या १९६५ मधील प्रयोगांत आढळून आला. सु. १५ सेंमी. वा त्याहून मोठी तोंडे वापरल्यास ही अडचण बरीच टळते. न्यूटन यांनी पाहिलेला, मोठ्या तोंडाने लुकलुकणे मावळण्याचा गुण येथे उपयोगी पडतो. अशा उपकरणात गुणांक अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात येतो. त्यामुळे दोन टोकांमधील अंतर मोजण्यात शेकडा एक चूक झाली, तर उत्तर शेकडा तीनने चुकते.

मिळालेला गुणांक व वाऱ्याचा वेग यांवरून जमिनीकडून हवेला मिळणाऱ्या उष्णतेचा प्रवाह काढता येतो. त्यासाठी ए. एस. मोनिन व ओबुखॉव्ह यांनी १९५४ मध्ये मांडलेला जमिनीलगतच्या थराचा सिद्धांत वापरतात. एका बिंदूपाशी ठेवलेला मापक आपल्या भोवतालचेच सांगतो; झोत मात्र छपरे, रस्ते, भातखाचरे व खाडीकाठ या सर्वांची सरासरी देतो. मिश्र भूमीच्या शहरासाठी हा लाभ मोठा आहे.

कामवारी नदीकाठी वसलेल्या भिवंडीचे उदाहरण येथे पुन्हा उपयोगी पडते. यंत्रमाग, सूत सायझिंग व रंगाईचे कारखाने, त्यांच्या बॉयलरांची धुराडी आणि सभोवती पसरलेली गुदामे यांमुळे तेथील हवेचा प्रश्न हा आरोग्याचाही प्रश्न आहे. दिवसा तापलेल्या जमिनीवरून हवा वर चढते, संक्षोभाने वरच्या हवेशी मिसळते आणि धूर विरळ होतो. दुपारी खाडीकडून येणारा समुद्रवारा या व्यवस्थेत बदल घडवून आणतो. हिवाळ्यातील निरभ्र रात्री जमीन लवकर निवते, थंड हवा खाली व उबदार हवा वर असे तापमान व्युत्क्रमण होते आणि त्या झाकणाखाली धूर साचतो. आता सिंटिलोमीटर तापमानातील चढउतार किती, एवढेच सांगतो; उष्णता जमिनीतून वर जात आहे की वरून खाली येत आहे, हे सांगत नाही. चढउतार दोन्ही स्थितींत असतात. म्हणजे एकाच वाचनाचा अर्थ एके वेळी धूर पांगत आहे असा, तर दुसऱ्या वेळी तो कोंडला आहे असाही होऊ शकतो. सूर्योदयानंतर व सूर्यास्तापूर्वी काही काळ जमीन व हवा यांचे तापमान सारखे होते, तेव्हा वारा वाहत असूनही गुणांक तळ गाठतो. या दोन खुणांवरून दिशा ठरवितात. मात्र ढगाळ दिवशी व पावसाळ्यात त्या पुसट होतात. याच कारणासाठी दोन उंचींवरील तापमापकांची जोड देणे इष्ट ठरते. जे थोड्या खर्चाच्या साध्या तापमापकाने कळते, ते महाग प्रकाशीय उपकरणाने कळेलच असे नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

वाऱ्याची गती प्रत्यक्ष हवी असल्यास डॉप्लर लिडार वापरावा लागतो. लेसरचे स्पंद हवेतील धूलिकणांवरून परत येताना त्यांच्या कंप्रतेत कणांच्या गतीनुसार बदल होतो, त्यावरून वाऱ्याचा वेग व त्यातील संक्षोभ मोजता येतो. हाँगकाँग विमानतळावर उतरणाऱ्या विमानांना वाऱ्यातील अचानक बदलांची सूचना देण्यासाठी २००२ पासून लिडार वापरात आला. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत १९८० नंतरच्या दशकात आर्गॉन लेसरचा लिडार उभारण्यात आला. त्याचा उपयोग मुख्यतः शहरावरील धूलिकणांचे थर व त्यांचे मिश्रण अभ्यासण्यासाठी झाला. धूलिकण अगदी विरळ असलेल्या किंवा दाट धुके व पाऊस असलेल्या हवेत या उपकरणाची मजल कमी होते.

यंत्र-अध्ययनाचा उपयोग : वरील सर्व पद्धतींत मोजलेल्या राशीवरून मूळ कारणाकडे उलटे जावे लागते. कॉल्मॉगॉरॉव्ह यांच्या नियमासारखी गृहीतके असल्याशिवाय हा उलटा प्रवास होत नाही आणि ती गृहीतके प्रत्यक्ष हवेत नेहमी पाळली जात नाहीत. यंत्र-अध्ययनात संगणकाला सूत्र न देता उदाहरणे देतात. अमुक मोजणी व तिचे माहीत असलेले उत्तर अशा हजारो जोड्यांवरून तो आपल्या अंतर्गत गुणकांची जुळणी करतो. ॲरिझोना विद्यापीठातील जे. आर. पी. एंजल व त्यांचे सहकारी यांनी १९९० मध्ये तरंगाग्राचा आकार ओळखण्यासाठी कृत्रिम तंत्रिका जाल वापरून दाखविले. ला पाल्मा बेटावरील ४·२ मी. च्या विल्यम हर्शेल दूरदर्शकावर २०१३ मध्ये कार्मेन नावाच्या जालाची परीक्षा घेण्यात आली. त्याचे सर्व शिक्षण संगणकाने रचलेल्या कृत्रिम वातावरणावर झाले होते. तरीही खऱ्या आकाशाखाली त्याने प्रचलित रीतींच्या तोडीचे काम केले.

दुसऱ्या प्रकारात तापमान, आर्द्रता, वारा, सौर प्रारण अशा नित्याच्या नोंदींवरून संरचना गुणांक सांगण्याचे शिक्षण जालाला देतात. हवाई बेटांवरील मॉना लोआ येथील मोजण्यांवर आधारलेले असे एक काम २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तिसऱ्या प्रकारात दूरच्या फलकाचे सामान्य कॅमेऱ्याने घेतलेले चलच्चित्र पुरते. चित्रातील थरथरीवरून संगणक संक्षोभाचा अंदाज करतो. उपकरण स्वस्त पडते हे खरे. परंतु शिक्षणाच्या काळात शेजारी सिंटिलोमीटर ठेवून त्याची उत्तरे पुरवावी लागतातच.

या रीतींची परीक्षा घेण्यात एक फसवी जागा आहे. हवेची स्थिती एका मिनिटातून दुसऱ्या मिनिटात फारशी बदलत नाही. सर्व नोंदी पिसून त्यांतील काही शिक्षणासाठी व उरलेल्या परीक्षेसाठी ठेवल्या, तर परीक्षेतील प्रत्येक प्रश्नाचा जवळजवळ जुळा भाऊ शिक्षणात आलेला असतो आणि गुण भरमसाट मिळतात. सबंध दिवस, शक्य तर सबंध ऋतू शिक्षणापासून वेगळा ठेवून घेतलेली परीक्षाच विश्वसनीय समजावी. उंचावरील कोरड्या ज्वालामुखीवर शिकलेले जाल कोकणपट्टीच्या दमट हवेत नेले, तर ते उत्तर देईल, पण त्या उत्तराला अनुभवाचा आधार नसेल. कार्तिक ते वैशाख या काळातील नोंदींवर तयार झालेल्या जालास आषाढातील हवा परकीच असते. गिरवलीसारख्या ठिकाणी पावसाळ्यात ताऱ्यांचे वेध थांबतात. भिवंडीत कारखाने व धुराडी थांबत नाहीत. म्हणून पश्चिम महाराष्ट्रातील जमिनीलगतच्या हवेसाठी असे जाल वापरावयाचे, तर घाटमाथा व कोकण यांच्या वेगवेगळ्या नोंदी, त्याही जून ते सप्टेंबर या महिन्यांसह निदान दोन-तीन वर्षांच्या, घेणे आवश्यक ठरते. मुसळधार सरींत झोत क्षीण होऊन जी वाचने मिळतात, ती संक्षोभाची नसून पावसाच्या थेंबांची असतात. शिक्षणापूर्वी ती निवडून बाजूला काढावी लागतात. शेजारच्या पर्जन्यमापकाची नोंद या कामी पुरेशी होते.